हजार नंबरचा खण

१

सोमवारी सकाळी अकरा वाजता प्राचार्य त्र्यंबक सरांनी माझ्यासमोर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "सुहासिनीबाई, तुमच्या लाडक्या विद्यार्थिनीनं चोरी केलीय."

मी चष्मा लावला. दोन्ही कागदांवर प्रोग्रॅम छापलेले होते. एकावर मितेशचं नाव, दुसऱ्यावर रचनाचं. आतली लहानसहान नावं वेगळी होती, ओळी थोड्या मागेपुढे होत्या, पण चाल तीच. एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दिलेली अर्धी गोळी पर्समध्ये होती, पण सरांसमोर ती काढायची लाज वाटली.

मी कल्याणच्या या इंजिनीअरिंग कॉलेजात एकतीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवतेय. निवृत्तीला चार महिने उरलेत. डोंबिवलीहून, कोपर स्टेशनच्या बाजूने, रोज येते आणि रोज कुणावर तरी चिडून घरी जाते. चिडायला कारणं मिळतात. शनिवारचंच घ्या. एका कंपनीने आमच्याकडे स्पर्धा ठेवली होती. बत्तीस मुलं, एक प्रश्न, पहिल्या दोघांना नोकरी. प्रश्न सोपा होता: पन्नास हजार मुलांचे गुण दिलेत, प्रत्येकाचे एक ते हजारपैकी काहीही, ते चढत्या क्रमाने लावा.

हे करायच्या तऱ्हा अनेक. शेजारच्या दोघांना ताडून मोठ्याला पुढे ढकलत राहायचं, ही सगळ्यात बाळबोध आणि सगळ्यात रडतखडत चालणारी. ढिगाचे दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन भाग, असं करून नंतर जुळवत आणायचं, ही चांगली. आणि तिसरी अशी की कुणाला कुणाशी ताडायचंच नाही. गुणांचे खण मांडायचे आणि ज्याचा गुण ज्या खणाचा त्यात त्याला टाकून मोकळं व्हायचं. गुण हजाराच्या वर जात नाहीत हे ज्याच्या लक्षात आलं त्यालाच ही सुचते. बत्तीसात ती फक्त दोघांना सुचली होती, असं हे दोन कागद सांगत होते.

पण कंपनीचा नियम असा की प्रोग्रॅम दहा सेकंदांत संपला आणि वीसही चाचण्यांत उत्तर बरोबर आलं की पास. मग ज्याने आधी दिला तो वरचा. कुणाचा किती चपळ, याला काडीची किंमत नाही. मी यावर भांडले होते. कुणी ऐकलं नाही.

"मितेशनं अकरा बेचाळीसला दिला," सर म्हणाले, "रचनानं अकरा एकोणपन्नासला. पहिल्या तिघांचे प्रोग्रॅम मी दर वेळी असे शेजारी लावून बघतो, तुम्हाला माहितीय. नंतर दिला त्यानंच चोरला. पाच वाजता कंपनीला नावं कळवायचीत. रचनाच्या जागी तिसऱ्या नंबरची उर्वी. इथे तुमची सही हवी."

दारात केदार उभा होता, आमचा लॅबचा प्रमुख. सर्व्हर, पासवर्ड, निकाल, सगळं त्याच्या हाती. "मॅडम, मी यात पडत नाही हं," तो म्हणाला. "उर्वी माझी मेहुणी. उगाच लोक बोलतील."

मला त्याचं ते बोलणं बरं वाटलं. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला.

"थांबा, सर! कागद आहेत माझ्याकडे."

माझा एक नियम आहे, त्यापायी मुलं मला कागदवाल्या बाई म्हणतात. अख्खा प्रोग्रॅम आधी हाताने कागदावर लिहायचा, तो माझ्याकडे जमा करायचा, मगच कीबोर्डला हात लावायचा. स्पर्धेतही मी हा नियम सोडला नाही. कागद घेताना मी त्यावर वेळ टाकते. बत्तीस कागद भराभर हातातून जातात, त्यामुळे कुणी काय लिहिलं ते नंतर आठवत नाही. चूक दिसली तर बोलत नाही, कोपऱ्यात एक लाल टिंब देते. पुढच्या तासाला कागद परत मिळाला की ज्याची त्याने ती शोधायची.

रचनाच्या कागदावर अकरा बेचाळीसच्या आधीची वेळ निघाली की प्रश्नच मिटला. मी स्टाफरूममध्ये जवळजवळ पळत गेले. ड्रॉवरमधून चावी काढली, कपाट उघडलं, गठ्ठा सोडला आणि मोजला. पुन्हा मोजला.

बत्तीस हवे होते. तीस होते. रचनाचा कागद नव्हता. आणि मितेशचाही नव्हता.

२

रचना कळव्याहून येते. शेवटच्या बाकावर बसते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. तिचे वडील चांगदेव टपालखात्यात पत्रं लावायचं काम करतात. आज कॉलेजातून फोन गेला म्हणून ते अर्धा दिवस रजा टाकून आले होते. जिन्याखालच्या बाकड्यावर मांडीवर डबा धरून ताठ बसले होते. मला पाहून उठले, नमस्कार केला, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी रचनाला रिकाम्या वर्गात बसवलं.

"ही खणांची पद्धत तुला कुठून सुचली?"

"बाबांकडून, मॅडम. लहानपणी मी त्यांच्या ऑफिसात जायचे ना. ते पत्रं एकमेकांशी ताडत बसत नाहीत. समोर खण असतात, हात आपोआप जातो. प्रश्न वाचला आणि तेच दिसलं."

"आणि हा शून्य नंबरचा खण? तो रिकामा का ठेवलायस? गुण तर एकपासून आहेत."

ती पहिल्यांदा थोडी हसली. "बाबांची सवय. ज्या पत्राचा पत्ता लागत नाही त्याच्यासाठी ते पहिला खण रिकामाच ठेवतात. इथे तसं पत्रच नव्हतं, पण माझा हात तसाच गेला. त्यात घोळ पण झाला. कागदावर मी हजार खण लिहिलेले. शून्यापासून मोजले की ते नऊशे नव्याण्णवला संपतात, हजार गुणवाल्याला जागाच नाही. मशीनवर चालवून बघितलं तर प्रोग्रॅम आपटला, मध्येच बंद पडला. मग एक वाढवला, हजार एक केले, आणि मगच सबमिट केलं."

मला तिचं म्हणणं पटत होतं. पण पटतंय याचीच मला भीती वाटली. ही माझी आवडती मुलगी. मला तिचं सगळंच पटणार. आणि मितेशने सात मिनिटं आधी दिलाय हे तर खोटं नव्हतं. मी विचारलं, "रचना, खरं सांग. तू कुणाचा बघितलास का? चुकून नजर गेली असेल. मी सांभाळून घेईन."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"मितेशला विचारलं का हे तुम्ही?"

"विचारणार आहे."

"आधी मला विचारलं," ती म्हणाली आणि दप्तर उचलून उभी राहिली. "बाबांना काय सांगू, मॅडम?"

मी भिंतीकडे बघितलं. घड्याळात साडेबारा वाजले होते.

३

मितेश कॅन्टीनमध्ये सापडला. पुढ्यातला वडापाव तसाच होता. पहिल्या नंबराने पास झालेलं पोर असं दिसत नाही. घाम फुटलेला, एक पाय सारखा हलतोय.

"अभिनंदन," मी म्हटलं. "प्रोग्रॅम छान आहे तुझा."

"थँक्यू, मॅडम."

"शून्याचा खण रिकामा का ठेवलास?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिनी भाषेत बोलतेय. "ते... तसंच सुचलं, मॅडम."

"खणांची पद्धत कुठे वाचलीस?"

"यूट्यूबवर असेल. आठवत नाय आता."

"तुझा कागद कुठाय?"

"तुम्हाला दिलेला ना, मॅडम! तुम्ही टाइम पण टाकलेला. आईशप्पथ!"

हे तो इतक्या कळकळीने म्हणाला की मी गोंधळले. बाकी सगळं खोटं होतं हे त्याच्या हलत्या पायावरून दिसत होतं, एवढं मात्र खरं वाटलं.

परत येताना कॉरिडॉरमध्ये केदार भेटला. "काही लागलं का हाताला, मॅडम?" मी नकारार्थी मान हलवली. तो जवळ आला. "सांगू नये, पण शनिवारी संध्याकाळी मितेश स्टाफरूममध्ये आलेला. डबा विसरला म्हणे. तुमच्या ड्रॉवरला कुलूप नसतं हे अख्ख्या कॉलेजला माहितीय."

"कपाटाची दुसरी चावी तुझ्या जुडग्यात असते ना?"

"असते की. पण माझा जुडगा शनिवारी माझ्या कमरेलाच होता," केदार हसून म्हणाला. "सर्व्हरच्या नोंदी बघितल्या असत्या, पण त्या आठवड्याच्या शेवटी पुसल्या जातात. नशीबच खोटं."

म्हणजे मितेशनेच कागद पळवले? मग माझं गणित जुळत आलं. त्याने रचनाचा प्रोग्रॅम चोरला आणि पुरावा नको म्हणून दोन्ही कागद उचलले. मी तशीच सरांकडे निघाले होते. जिन्यात मात्र पाय थबकला.

मितेश पहिल्या रांगेत बसला होता, रचना शेवटच्या. मध्ये मी स्वतः येरझारा घालत होते. तिचा कागद तिच्या हातातून थेट माझ्या हातात आला आणि माझ्या टेबलावर पालथा पडला. अकरा बेचाळीसच्या आत त्याने तो पाहिला कधी?

४

दीड वाजता उर्वी स्वतःहून माझ्याकडे आली. ठाण्याच्या टेंभी नाक्याला राहणारी, हुशार, तोंडाने फटकळ. तिचा प्रोग्रॅम भाग पाडून जुळवायच्या पद्धतीचा, नीटनेटका. अकरा पंचावन्नला दिलेला.

"मॅडम, मला ती सीट मिळतेय असं ऐकलं. खरंय?"

"पाच वाजता ठरेल."

ती खुर्चीत बसली आणि ओढणीचं टोक पिळायला लागली. "रचना कॉपी नाय करणार, मॅडम. वर्गात आम्हीच तिचं बघून करतो. तिच्या जागेवर मी गेले तर सगळे काय बोलतील मला? आणि घरी तर विचारूच नका. आईनं अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलंय. शनिवारपासून घरात नुसते पेढे चालूयत, मला खाली उतरायची लाज वाटतेय."

"आयांचं असंच असतं," मी म्हटलं. माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. आता वाटतं, त्या वेळी माझे कान कुठे होते कोण जाणे.

"तू घरी जाऊ नकोस," मी सांगितलं. "साडेचारला सरांच्या केबिनमध्ये ये."

ती गेल्यावर मी एकटीच बसले आणि शनिवारच्या निकालाचा तक्ता काढला. स्पर्धा संपताच तो मशीनवरून आपोआप छापला गेला होता आणि त्याच क्षणी कंपनीलाही गेला होता. त्यात नंतर कुणाला काना-मात्रा बदलता येत नाही. नाव, सबमिट केल्याची वेळ, वीसपैकी किती चाचण्या पास. इथपर्यंत तो सगळ्यांनी वाचला होता. मीही.

शेवटच्या रकान्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, कारण त्याला गुणच नव्हते. प्रोग्रॅमला लागलेला वेळ, सेकंदांत.

उर्वी: शून्य पूर्णांक तीन. रचना: शून्य पूर्णांक एक.

मितेश: आठ पूर्णांक सात.

५

एकच चाल, एकच काम, आणि एकाला पापणी लवायला लागते तेवढा वेळ, दुसऱ्याला जवळजवळ नऊ सेकंद? एकतीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत आले. प्रोग्रॅमला लागलेला वेळ बघा, त्याचं पोट कसं आहे ते कळतं. खणांत टाकणारा प्रोग्रॅम नऊ सेकंद घेतच नाही. नऊ सेकंद घेतो तो शेजाऱ्याला ढकलत पन्नास हजारांच्या रांगेतून पुन्हा पुन्हा जाणारा.

मी लॅबमध्ये गेले. केदार तिथेच होता. मी तक्ता पुढे केला.

"अहो मॅडम, पहिलाच सबमिट होता तो," तो शांतपणे म्हणाला. "सर्व्हर तेव्हा झोपेतून उठत असतो. पहिल्याला नेहमी जास्त लागतात."

हे अगदीच अशक्य नव्हतं. मी पुन्हा खाली आले. खरं सांगते, त्या क्षणी मला सही करून घरी जावंसं वाटलं. सव्वातीन वाजले होते. चांगदेव अजून बाकड्यावरच होते. डबा उघडलेला नव्हता.

मी गोळी घेतली, पाणी प्याले आणि वरच्या मजल्यावरच्या जुन्या लॅबमध्ये गेले. तिथल्या एका मशीनवर मितेशच्या नावाचा प्रोग्रॅम छापील कागदावरून स्वतः टाइप केला. अक्षरन् अक्षर. माझी बोटं आता हळू चालतात, वीस मिनिटं गेली. मग कंपनीच्या वीस चाचण्या एकेक करून त्याला घातल्या.

पहिली, चटकन. दुसरी, चटकन. दहावी, पंधरावी, एकोणिसावी, सगळ्या चटकन. मशीन जुनं, नुकतंच चालू केलेलं, तरी कुठेही अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही.

विसावी घातली. या एकाच चाचणीत कुणाला तरी हजारपैकी हजार गुण होते.

प्रोग्रॅम आपटला. पडद्यावर लाल ओळी आल्या: एक हजार नंबरचा खण अस्तित्वात नाही.

मी छापील कागद डोळ्यांजवळ धरला. सकाळपासून तो माझ्या हातात होता आणि मी फक्त सारखेपणा बघत बसले होते. रचनाच्या छापील कागदावर खण एक हजार एक. मितेशच्या छापील कागदावर एक हजार.

आणि तक्त्यात मितेशच्या नावापुढे छापलं होतं: वीसपैकी वीस पास.

६

साडेचारला केबिनमध्ये आम्ही सहा जण होतो. त्र्यंबक सर, केदार, मितेश, उर्वी, रचना आणि मी. सरांच्या पुढ्यात कंपनीला जायचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. रचना दाराला टेकून उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"सर," मी म्हटलं, "मितेशच्या नावाने जो प्रोग्रॅम आपल्याकडे आहे तो विसाव्या चाचणीत आपटतो. मी आत्ता चालवून आलेय, तुमच्यासमोर पुन्हा चालवते. शनिवारी मात्र मितेश विसाव्या चाचणीत पास झालाय. म्हणजे शनिवारी जो चालला तो हा प्रोग्रॅम नव्हेच. सर्व्हर झोपेत असला तर वेळ जास्त लागेल, पण झोपेत नापासाचा पास होत नाही. शनिवारी जो चालला त्याला आठ पूर्णांक सात सेकंद लागले. मितेश, तू काय लिहिलं होतंस?"

मितेश रडायलाच लागला. "साधा बबल सॉर्ट, मॅडम. शेजारी-शेजारी बघत जायचा. आज सकाळी सरांनी हा कागद दाखवला तर मी हादरलो. हा माझा नाहीच. पण सगळे शाबासकी देत होते, आणि मी नाय बोललो असतो तर मलाच चोर ठरवलं असतं. पप्पांनी मामाला पण फोन केलेला. मी घाबरलेलो, मॅडम."

"म्हणजे आपल्या सर्व्हरवरची फाईल नंतर बदलली," सर सावकाश म्हणाले. "पण कुणी? आणि कशावरून?"

"कशावरून ते आधी सांगते." मी पर्समधून माझी छोटी डायरी काढली. या डायरीवरून केदार मला नेहमी चिडवतो. कागदावर टिंब दिलं की चूक काय ती मी इथे लिहून ठेवते, पुढच्या तासाला समजावण्यासाठी. "शनिवारचं पान. रचनाच्या नावापुढे लिहिलंय: खण हजार, हवेत हजार एक. ही चूक तिने सबमिट करण्याआधी दुरुस्त केली. म्हणजे 'हजार' हा आकडा जगात एकाच ठिकाणी उरला होता, तिच्या कागदावर. तोच मितेशच्या फाईलमध्ये आलाय. ज्याने फाईल बदलली त्याने कागद समोर ठेवून टाइप केलं. आणि मितेशच्या नावापुढे या पानावर काहीच नाही. त्याच्या कागदात चूकच नव्हती. त्याने हेच लिहिलं असतं, तर हीच चूक मी त्याच्याही नावापुढे लिहिली असती."

"मग मितेशनंच कागद उचलला असेल," केदार म्हणाला. "मी सांगितलं ना, तो स्टाफरूममध्ये—"

"उचलला असता. पण सर्व्हरवरची फाईल तो कसा बदलणार? आणि कशाला? तो पहिला आलाच होता. आपला पास झालेला प्रोग्रॅम काढून त्या जागी दुसऱ्याचा बिघडलेला कोण ठेवेल? या अदलाबदलीत मितेशला काही मिळत नाही. त्याची वेळ आधीची, म्हणून तो वाचतो एवढंच. मरते ती रचना. आणि फायदा होतो तिसऱ्या नंबरचा."

उर्वीचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, मी काहीच नाय केलं!"

"ठाऊक आहे मला. तू फक्त एक सांग. घरी पेढे कधी आले?"

"शनिवारी. संध्याकाळी सहा-साडेसहाला."

"कुणी आणले?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग हळूच तिची मान केदारकडे वळली.

"जिजूंनी," ती म्हणाली. "बोलले, काम झालं समज."

"शनिवारी संध्याकाळी उर्वी तिसरी होती आणि जागा दोन होत्या," मी म्हटलं. "रचनाचं नाव कटणार हे सोमवारी अकरापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, सरांनासुद्धा नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! केदार, तुझ्याकडे कपाटाची चावी, तुझ्याकडे सर्व्हरचा पासवर्ड. पहिले तीन प्रोग्रॅम सर शेजारी लावून बघतात हेही तुला माहीत. रचनाची फाईल तू सरळ उचलली असतीस तर अक्षरन् अक्षर सारखी निघाली असती, आणि फाईल इकडून तिकडे नेणं फक्त लॅबवाल्याला जमतं, हे कुणीही ओळखलं असतं. म्हणून तू माझ्या कपाटातून कागद काढलास आणि नावं बदलत टाइप केलंस, पोरानं बघून मारल्यासारखं दिसावं म्हणून. वेळ लिहिलेला तो कागद मग ठेवता येईना, आणि मितेशचा ठेवला असता तर त्यावर बबल सॉर्ट दिसला असता. दोन्ही घेतलेस. तिथेच शहाणपणा नडला. चूकही टाइप केलीस."

केदारने मान खाली घातली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सासूबाईंना शब्द देऊन बसलेलो, मॅडम. सारखं ऐकवायच्या, कॉलेजात असून काय उपयोग. मितेशला धक्का लागणार नव्हता. एकच नाव मागे-पुढे, बस."

"एकच," रचना दारातून म्हणाली. दिवसभरात ती आवाज चढवून बोलली ते एवढंच.

७

चार वाजून बावन्न मिनिटांनी सरांनी जुनं पत्र फाडलं. नवीन मी टाइप केलं. मितेश पहिला, रचना दुसरी. मितेश गप्प बसला म्हणून त्याचं नाव काढावं असं सरांच्या मनात होतं. मी म्हटलं, त्याने शनिवारी लिहिलं ते त्याचं स्वतःचं होतं, बाळबोध असलं तरी. बाकीचा हिशेब कंपनीला सगळं खरं कळवून मग करा. दोन कागद केदारच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात सापडले. रचनाच्या कागदावर माझ्या अक्षरात वेळ होती, अकरा सव्वीस, आणि कोपऱ्यात लाल टिंब.

उर्वी जाताना रचनापाशी थांबली, ओढणीचं टोक पिळत राहिली. शेवटी ती तशीच निघून गेली. मला तिची दया आली. आज घरी तिची काय गत होणार, कोण जाणे.

मी रचनाबरोबर जिना उतरले. खाली चांगदेव उभे राहिले. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं असावं. ते पुन्हा खाली बसले आणि त्यांनी डबा उघडला. सकाळपासूनची भाकरी होती. त्यांनी पहिला तुकडा मुलीपुढे धरला.

तिने तो घेतला, पण खाल्ला नाही. माझ्याकडे वळली.

"मॅडम, एक विचारू? तुम्हाला पण वाटलेलं ना? मी केलं असं?"

नाही म्हणायला किती सोपं होतं. सगळ्यांसमोर मीच तिला वाचवलं होतं. कुणीही विश्वास ठेवला असता, कदाचित तिनेही ठेवला असता.

"हो," मी म्हटलं. "साडेबारापासून सव्वातीनपर्यंत. अधूनमधून."

मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाटण्याचं काय करावं ते कळेना. म्हणून मी एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. डायरी काढली, आजचं पान उघडलं आणि बाकड्यावर ठेवून लिहिलं: सुहासिनी. वेळेचा रकाना वाचला नाही. आधी पोरीला विचारलं.

डायरी तिच्यापुढे केली. तिने ती दोन ओळींची नोंद हळूहळू वाचली, दोनदा वाचली असेल.

"लाल पेन आहे का, मॅडम?"

मी पर्समधून काढून दिलं. भाकरीचा तुकडा डाव्या हातात तसाच धरून तिने पानाच्या कोपऱ्यात एक लाल टिंब दिलं, अगदी माझ्यासारखं, आणि पेनाला टोपण लावून परत केलं. मग ती वडिलांशेजारी बसली आणि जेवायला लागली.